कोरी कॉफी : भाऊबीज ते संक्रांत

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीजेला धाकटी बहीण बेंगळुरूहून कोल्हापूरला आली होती. मी ताटात ओवाळणी घातली, तर तिनं उलट मलाच एक पुडा दिला. दीड किलो कॉफीचे दाणे. वर भाजल्याची तारीख आणि खाली बारीक अक्षरांत : चिकमगळूर, एस ७९५ (अरबिका कॉफीची एक जात), वॉश्ड (फळ सोलून, धुऊन वाळवलेली) आणि चवी : मनुका, संत्र्याची साल, गूळ. मी मूठभर दाणे मिक्सरमधून काढले, दूध-साखर घालून उकळी आणली, प्यालो आणि म्हणालो, "बरी हाय." पांढऱ्या रश्श्यात टोमॅटो सॉस ओतताना पकडल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं.

"दादा, मी एवढ्या लांबनं घेऊन आलो आणि तू त्याची बासुंदी केलास व्हय?"

जाताना स्वतःचा जुना, हातानं फिरवायचा ग्राइंडर आणि प्लॅस्टिकचा ड्रिपर, म्हणजे कॉफी गाळायचं नरसाळं, ठेवून गेली. त्यात मनुका नक्की कुठं होती, हे आठवडाभर डोक्यातून जाईना. म्हणून हा प्रकल्प, संक्रांतीपर्यंत. फौंड्रीच्या लॅबमध्ये रोज लॉगबुक भरतोच, वाळूचा ओलावा किती, हीटचं, म्हणजे वितळवलेल्या धातूच्या एका घाण्याचं, तापमान किती. तीच शिस्त घरी लावायची.

नियम : रोज सकाळी एक कप, कोरा, बिनसाखरेचा. फोन दुसऱ्या खोलीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पुड्यावरच्या चवींवर कागद चिकटवला आहे, उगाच कॉपी नको.

१२ नोव्हेंबर

पंधरा ग्रॅम कॉफी, दोनशे चाळीस मिलिलिटर पाणी. पंधरा ग्रॅमला ११४ दाणे भरले, होय, मोजले. बाबा बुडननं सतराव्या शतकात येमेनहून सातच दाणे आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावले म्हणतात. म्हणजे माझ्या एका कपात त्यांच्या सोळा खेपा.

पाणी उकळताना लॅबचा थर्मामीटर लावला : ९८ अंश. समुद्रसपाटीपासून आपण साडेपाचशे मीटर वर, त्यामुळं इथं शंभर गाठत नाही. आधी तीस-चाळीस मिलिलिटर ओतून अर्धा मिनिट थांबायचं असतं. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो बाहेर पडताना भुकटी फुगून वर येते. ओल्या साच्यात धातू ओतला की बुडबुडे येतात तशी. फरक एवढाच की तिथं मी शिव्या देतो, इथं खूश झालो.

पहिला कप : दळण फार बारीक पडलं, पाणी उतरायला पाच मिनिटं लागली. कारल्याची भाजी करपल्यासारखं. दुसरा कप : जाड दळलं, दीड मिनिटात सगळं खाली. आंबट, पाणचट. तिसरा मधला, तीन मिनिटांना थोडा कमी. चव : "कॉफीसारखी." याहून जास्त काही लिहिता आलं नाही.

१५ नोव्हेंबर

नाकाचा प्रयोग. चिमूटभर वेलची पूड आणि गूळ, नाक दाबून जिभेवर. फक्त गोड. वेलची गायब. नाक सोडलं आणि वेलची धाडकन आली, तीही समोरून नाही, घशामागून. मग कॉफी तशीच : नाक दाबलं की कडू आणि किंचित आंबट, बस्स. सोडलं की भाजल्याचा वास आणि त्यामागं काहीतरी सुक्या फळासारखं.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो घशातून नाकात चढलेला वास. पुस्तकात हे वाचलं होतंच. स्वतःच्या नाकपुड्या दाबून बसल्यावर मात्र खरं वाटलं. सौ. दारात उभी राहून बघत होती. "अहो, सर्दी झाली असली तर काढा करतो की."

१८ नोव्हेंबर

व्यावसायिक चाखणारे चमच्यानं घोट घेतात आणि जोरात फुरका मारतात. कॉफीचे थेंब तोंडभर उडतात, हवेबरोबर वास वर चढतो.

आमचे आजोबा बशीत चहा ओतून असाच फुरका मारायचे, सोप्यातला आवाज परड्यात ऐकू यायचा. आम्ही तसं केलं की आई डोळे वटारायची. बशीत पातळ थर पसरतो, लवकर निवतो आणि वास मोकळा होतो. म्हणजे आजोबांची पद्धत बरोबर होती आणि आमची नीटनेटकी इंग्रजी कपबशी चूक. आज दार लावून बशीत कॉफी ओतली आणि मनसोक्त फुरके मारले. संत्र्याची साल नाही, पण मोसंबी सोलताना नखाला लागतं तसं काहीतरी आलं. पहिल्यांदाच.

२३ नोव्हेंबर

विधानसभेचा निकाल. टीव्ही सकाळपासून चालू. कॉफी केली, प्यालोही असणार, कारण कप रिकामा आहे. नोंद : निरंक.

१ डिसेंबर, रविवार

घरी कपिंग, म्हणजे चाखणाऱ्यांची कॉफी तपासायची पद्धत. प्रमाण ठरलेलं आहे, दीडशे मिलिलिटरला सव्वाआठ ग्रॅम. आमच्या वाट्या दोनशेच्या, म्हणून अकरा ग्रॅम. जाडसर दळायचं, वरून गरम पाणी ओतायचं, चार मिनिटं हात लावायचा नाही. वर साय धरल्यासारखा थर बसतो. मग नाक अगदी वाटीजवळ नेऊन चमच्यानं तो थर मोडायचा. त्या क्षणाचा वास पुन्हा मिळत नाही. वरचा फेस काढून टाकायचा आणि निवायची वाट बघायची.

चार वाट्या होत्या. बहिणीची एस ७९५. ऑनलाइन मागवलेली नॅचरल, म्हणजे फळ न सोलता अख्खं वाळवलेली. किराणा बाजारातल्या दुकानातून आणलेली रोबस्टा, म्हणजे अरबिकाहून वेगळी, हलकी समजली जाणारी कॉफी. आणि त्याच दुकानाची चिकोरी घातलेली फिल्टर पूड.

नॅचरलची वाटी सौ.नं उचलली, वास घेतला आणि म्हणाली, "पिकलेला फणस." तिला कॉफी आवडत नाही, तिला काही सिद्धही करायचं नव्हतं. मी इंटरनेटवर कॉफीतल्या चवींची नावं मांडलेलं ते रंगीत चक्र उघडून 'ब्लूबेरी' का 'स्ट्रॉबेरी' शोधत बसलो होतो. हे चक्र १९९५ साली पहिल्यांदा आलं, २०१६ साली नव्यानं केलं. उपयोगी आहे, नाही असं नाही, पण ब्लूबेरी मी आयुष्यात दोनदा खाल्ली आहे आणि दोन्ही वेळा केकवर. माझ्या नाकाच्या कपाटात करवंद आहे, जांभूळ आहे, काकवी, चिंचेचा कोळ, आमसूल, भाजलेले शेंगदाणे, पावसाळ्यातला ओला उसाचा पाला आहे. वहीच्या मागच्या पानावर स्वतःची यादी सुरू केली.

चिकोरीची वाटी : दाट, काळी, गुळचट, मुळं भाजल्याचा वास. चिकोरी म्हणजे एक मूळच, आणि तिच्यात कॅफीन नसतं. 'स्पेशालिटी', म्हणजे निवडक दर्जाच्या कॉफीवाले, तिचं नाव काढलं की नाक मुरडतात. मला दुधात ती आवडते आणि पुढंही आवडणार आहे.

रोबस्टाची वाटी : जळकं रबर. शेरा (ठळक, दोनदा अधोरेखित) : रोबस्टा ही दुधात बुडवायची कॉफी. कोरी प्यायच्या लायकीची नाही.

८ डिसेंबर, रविवार

थर्मासमध्ये एस ७९५ भरून मामांकडं गेलो. मामा तीस-बत्तीस वर्षं गुळव्या होते. आता गुडघे गेले, पण हंगाम सुरू झाला की खाट टाकून गुऱ्हाळावर बसतात आणि नव्या गुळव्याला छळतात.

काहिलीत रस उकळत होता. भेंडीचं चिकट पाणी पडलं तशी काळपट मळी वर आली, झाऱ्यानं काढून बाजूला टाकली. भट्टीवरचा स्लॅग काढतो तसंच हे, फक्त वास हजारपटीनं बरा. फेस आधी पांढरट, मग पिवळा, मग बुडबुडे जाड होऊन फटफट फुटायला लागले. नव्या पोरानं काठीनं थोडा पाक उचलला, पितळीतल्या गार पाण्यात सोडला, बोटांत गोळी वळली आणि पितळीच्या काठावर आपटली.

"अजून," मामा खाटेवरून म्हणाले. त्यांनी बघितलंही नव्हतं. आवाज ऐकला होता.

तिसऱ्या गोळीला टण् वाजलं. "उतरा." चौघांनी काहील उचलली आणि वाफ्यात ओतली. माझ्या खिशात लॅबचा थर्मामीटर होता आणि गूळ साधारण ११८ अंशांवर उतरवतात हे मला माहीत होतं. काढला नाही. काढला असता तर मामांनी तो काहिलीत टाकला असता.

मग त्यांना कॉफी दिली. मामांनी आधी झाकणातला रंग उन्हात धरून बघितला. मग वास. मग एवढासा घोट, आणि तो गिळेचनात. गाल हलत होते. मला वाटलं, थुंकणार.

"साखर घातलायंस?"

"न्हाई, मामा."

"मग काकवी कुठनं आली ह्यात?"

काकवी! पुड्यावर कागदाखाली झाकलेला 'गूळ' तो हाच. मी त्यांना वाचलेलं सांगितलं. अरबिकाच्या कच्च्या दाण्यात सहा ते नऊ टक्के साखर असते, पण दोनशे अंशांच्या आसपास भाजताना ती जवळजवळ सगळी मोडते. कपात जिभेला कळेल एवढी साखर उरतच नाही. उरतो तो साखर भाजल्याचा वास, आणि ज्याला आयुष्यभर हा वास गोडाबरोबर आलाय त्याला तो गोड लागतो.

मामा थोडा वेळ वाफ्याकडं बघत बसले. "म्हंजी गोड न्हाई. गोडाची आठवण हाय."

मी हे वहीत लगेच लिहून घेतलं. त्यांना वाटलं, मी उसाचा भाव लिहितोय.

मग विचारलं, "जात कुठली म्हणालास?" सातशे पंच्याण्णव, म्हणालो; बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राची, दक्षिणेत सगळीकडं लावलेली. "आपल्या शहाऐंशी झिरो बत्तीससारखं म्हण की." अगदी तसंच. उसाच्या को ८६०३२ ला जो मान इकडं, तो कॉफीत एस ७९५ ला तिकडं. आणि एक सांगितलं त्यांनी : शेवटच्या घोटात जरा करपटपणा आहे, "चुलवाण्यानं जाळ पुढं सारला असणार." पुड्यावर 'मीडियम-डार्क' लिहिलंय.

महिनाभर रोज पिऊन मला जे लागलं नव्हतं ते त्यांना एका घोटात लागलं. परतीच्या वाटेवर राग आला. स्वतःचाच, पण थोडा मामांचाही.

१५ डिसेंबर, रविवार

त्रिकोण चाचणी. तीन कप, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. बहिणीनं अराकूची वॉश्ड अरबिका कुरिअरनं पाठवली होती. आंध्रातल्या पूर्व घाटात आदिवासी शेतकरी पिकवतात ती, २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. अराकू विरुद्ध चिकमगळूर, नऊ फेऱ्या. सौ.नं कपांच्या बुडाला टिकल्या लावल्या, लाल आणि हिरव्या.

नऊपैकी तीन बरोबर. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तीनच आले असते.

दोन फेऱ्यांच्या कॉफ्या उरल्या होत्या म्हणून टिकल्या फिरवून मी तिला विचारलं. प्यायलीच नाही, नुसता वास घेतला. दोन्ही बरोबर. "स्पेशालिटी म्हणवून घ्यायला कॉफीला शंभरात ऐंशी लागतात म्हणालासा न्हवं? आणि तुम्हाला किती पडले?"

१६ डिसेंबर

कालचं आठवून बघतोय. पहिल्या फेरीपासून मी मनुका शोधत होतो. एकदा शब्द डोक्यात बसला की तिन्ही कपांत मनुकाच. वेगळं काय आहे हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही, हे काय आहे एवढंच विचारत राहिलो. शिवाय कढत प्यालो. कढत असताना सगळ्याच कॉफ्या भाऊ-भाऊ.

२२ डिसेंबर, रविवार

पाणी. लॅबमधला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा, घरी आणला. लिटरला मिलिग्रॅममध्ये आरओचं २८, नळाचं ११०, सोसायटीच्या बोअरचं ६४०. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन दीडशेच्या आसपास सांगते. तिन्ही पाण्यांत तीच कॉफी केली. आरओचा कप पोकळ आणि टोचरा, जणू कुणी मधला मजला काढून टाकलाय. बोअरचा कप सपाट, खडूसारखा. बायकार्बोनेट जास्त असलं की ते आम्ल मारून टाकतं, म्हणजे जे चाखायला बसलो तेच गेलं. नळाचं सगळ्यांत बरं. एवढे पैसे घालून बसवलेला आरओ कॉफीपुरता बाद. हे घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

२९ डिसेंबर, रविवार

गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध आणलं आणि ठरवून, नियम मोडून, चिकोरीची दाट कॉफी केली. दुधाचा स्निग्धांश कडूपणाची धार बोथट करतो. जे बाद होतं त्यातलं बरंचसं चांगलंही असतं, पण तोंडाला जी मऊ झूल येते ती कोऱ्या कॉफीला कधी येणार नाही. दोन वेगळी पेयं आहेत, नाव एक पडलंय. भांडण कशाला?

येताना भाऊसिंगजी रोडवरून आलो. याच रस्त्यावर गंगाराम कांबळेंचं चहाचं हॉटेल होतं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, म्हणून गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा शाहू महाराज गाडी थांबवून तिथं चहा घ्यायचे आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावायचे. आम्ही नावं झाकून, टिकल्या बुडाला लावून चव घेतो. तिथं कप कुणाच्या हातचा हे सगळ्यांना दिसावं म्हणूनच तो घोट होता. चहा चवीला कसा होता हे कुणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही. बहुतेक गोड असणार, कोल्हापुरात असतो तसा.

५ जानेवारी २०२५, रविवार

पुन्हा त्रिकोण, त्याच दोन कॉफ्या, नऊ फेऱ्या. आधी नुसता वास, तिन्हींचा. मग बारा मिनिटं काही नाही. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे पापड बघितले. कप कोमट झाल्यावर फुरका, गिळायच्या आधी पाच अंक मोजले. फळाचं नाव घ्यायचं नाही. फक्त वेगळा कुठला.

सहा बरोबर. नुसत्या नशिबानं सहा किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता शंभरात चार. सौ.ला गणित करून दाखवलं. तिनं टिकल्या परत मागितल्या.

फरक कुठं होता ते आता सांगता येतं. अराकू निवली की तिचा आंबटपणा पुढं येतो, स्वच्छ, कच्च्या आवळ्यानंतर पाणी प्यायल्यासारखा. चिकमगळूर निवली की खाली काकवी बसते. गरम असताना दोघी गप्प असतात.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

भाऊबीजेचा पुडा संपत आला. गरम पाणी ओतलं तरी फुगत नाही, वायू गेला सगळा. वास शेंगदाण्याच्या टरफलांवर आलाय.

बहीण रजा काढून आली. पायातली चप्पल काढायच्या आधी विचारलं, "वही दाखव." वाचताना दोनदा हसली, कुठं ते सांगितलं नाही. संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि स्टीलच्या पेल्यात कोरी कॉफी आणून ठेवली. "ओळख. मी काय सांगणार न्हाई."

वास घेतला. थांबलो. तिळाची वडी बाजूला सारली. फुरका. मग तिच्यासमोरच वहीत लिहिलं : "भाजलेले शेंगदाणे, गूळ, थोडा कोको. आंबटपणा नावाला. अंगानं जड, शेवट लांब. दोष नाही. वॉश्ड अरबिका, जरा जास्त भाजलेली. बहुधा कूर्ग." सही केली, तारीख घातली. आवडली म्हणून आणखी एक पेला मागून घेतला.

तिनं पिशवीतून पुडा काढून वहीवर ठेवला. कापी रॉयल. म्हणजे वॉश्ड रोबस्टातली निवडक प्रत. शंभर टक्के रोबस्टा.

काही बोलली नाही. १ डिसेंबरचं पान उघडलं, दोनदा अधोरेखित ओळीवर बोट ठेवलं आणि तीळगूळ तोंडात टाकून हळदीकुंकवाला निघून गेली.

आता रात्रीचे एक चाळीस झालेत. रोबस्टात कॅफीन अरबिकाच्या जवळजवळ दुप्पट, हे वहीत मीच कुठंतरी लिहिलंय. सगळे झोपलेत. १ डिसेंबरची ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं : "दाणा की भाजणी, तपासणे. दुकानातून कच्ची रोबस्टा मागवून लोखंडी तव्यावर भाजून बघणे. मामांना बोलावणे."

सकाळी साडेसहाची पाळी आहे.